उसना घसा

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, ह्या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. आताही हे सांगताना दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. आणि ज्या माणसाबद्दल सांगायचं आहे, तो बार्लीचा एक दाणा दाढेखाली धरून पंधरा-पंधरा मिनिटं भिंतीकडं बघत बसायचा. त्या माणसाच्या हाताखाली मी दोन वर्षं काढली. कशी काढली, माझं मला माहीत.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. बारामतीच्या एमआयडीसीत माल्टची एक छोटी कंपनी होती. आपल्याकडं नाचणीला मोड आणून सत्त्व करतात ना, तसंच ते, फक्त बार्लीचं आणि टनावारी. बाळाच्या पावडरीत जायचं, बिस्किटांत जायचं. मी बी.एस्सी. होऊन तिथल्या प्रयोगशाळेत लागले, माझ्यासोबत लता लागली. दोघी टेंपररी. दर तीन महिन्यांनी आम्हाला ब्रेक द्यायचे, म्हणजे आठ दिवस घरी बसवून परत नव्यानं घ्यायचे. त्या आठ दिवसांत घरी भाजीच्या जुड्या बांधताना वाटायचं, आता बोलावणं येतंय का नाही. जीव नुसता टांगणीला.

आणि आमचे साहेब म्हणजे हे मुख्य केमिस्ट. पन्नाशी उलटलेली, किडकिडीत देह, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक चमचा. हो, चमचा. स्टीलचा, रुमालात गुंडाळलेला. कुठंही काहीही चाखायची वेळ येईल म्हणून.

त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, कारण ती पद्धतच त्यांनी बंद केली होती. माणसाला गावाच्या नावानं हाक मारायची. मी सांगवीची, म्हणून "सांगवी". लता भवानीनगरच्या कारखान्याच्या कॉलनीतली, म्हणून "भवानीनगर". मालक पुण्याहून गाडीनं यायचे, तर त्यांनासुद्धा तोंडावर, "या, काय म्हणतंय पुणं?" स्वतः इंदापूर तालुक्यातल्या कळसचे. फोन उचलला की, "कळस बोलतोय." पलीकडचा माणूस बिचारा दोनदा विचारायचा, कोण कळस? आम्ही पोरी हसून हसून बेजार. हे म्हणजे अगदी कळसच झाला, असं लता म्हणायची.

पहिल्याच दिवशी मी चिडून विचारलं होतं, "सर, मला आडनाव आहे की."

"असू द्या. आडनावातनं जात निघती, गावातनं नुसता रस्ता निघतो." मग माझ्याभोवती हवेत नाक फिरवून म्हणाले, "सांगवी, केसाला वासाचं त्याल लावून हितं यायचं न्हाय. आन् डब्यात लसूण आणलाय तुमी. बाहेर ठिवा."

अस्सा राग आला मला! पण डबा गुपचूप बाहेर ठेवला.

जीभ मात्र काय होती त्या माणसाची. एकदा पॅकिंगमधल्या लोकांनी पैज लावून पाच गावांचं पाणी पाच पेल्यांत भरून आणलं. सरांनी चमचा काढला. एकेक घोट तोंडात घोळवला, थुंकला, आणि सांगत गेले. हे कालव्याचं. हे बोअरचं, मचूळ हाय. हे विहिरीचं, पर विहिरीवर कडुनिंब हाय आन् पाला आत पडतुय. शेवटच्या पेल्याला म्हणाले, "हे पानी गावाचं न्हाय. माठाचं हाय. माठ नवा हाय." माठ खरंच आदल्या बाजारात घेतलेला होता.

तर थुंकणं. ते काहीही चाखून थुंकायचे. पितळेची पिकदाणी होती त्यांची, घासूनपुसून लखलखीत. त्यावरून माघारी सगळे त्यांना "थू-मास्तर" म्हणायचे. माल्टचं पाणी थुंकण्यात विशेष काही नव्हतं. पण मग मालकांच्या डोक्यात आलं की बाळाच्या पावडरीत काय मिळतं, माल्ट बिअरच्या कंपन्यांना विकावा. त्यासाठी आपल्या माल्टची बिअर कशी होते हे दाखवायला पाहिजे. परवाना आला, काचेत घालून घड्याळाशेजारी टांगला. मागच्या खोलीत दोन पिंप, शेगडी, थर्मामीटर, आणि आमचे सर बिअर गाळायला लागले. एक पिवळी, एक तांबूस, एक काळीभोर. आमच्याकडं तेव्हा बिअर म्हणजे हायवेच्या ढाब्यावर मिळते ती एकच, थंड आणि कडू. तिला इतक्या तऱ्हा असतात हे पिणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, आम्हाला कुठून असणार?

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. सर बौद्ध. छप्पन सालानंतर त्यांच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा ते शाळकरी होते, वडिलांच्या शेजारी उभं राहून त्यांनी पंचशील घेतलं होतं. त्यातलं पाचवं शील, मद्य घेणार नाही. ते त्यांनी कधी मोडलं नव्हतं. तोंडात घेऊन थुंकलं तर ते घेणं होत नाही, असा त्यांनी स्वतःशी निवाडा केलेला. पण बिअरची गंमत अशी की ती थुंकून कळत नाही. वास नाकाला कळतो, गोडवा जिभेला कळतो, पण कडूपणा आणि त्याच्या मागून जे काय राहतं ते घशाखाली गेल्यावरच कळतं. चाखणाऱ्याला गिळावीच लागते.

सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. खुर्च्या दिल्या, एवढं कधी करत नसत.

"जीभ माझ्याकडं हाय, नाक हाय. घसा न्हाय," ते म्हणाले. "मला घसा उसना पायजे. तुमी गिळायचं आन् मागं काय राहतंय ते मला सांगायचं. जबरदस्ती न्हाय. न्हाय म्हणला तर मनात काय धरणार न्हाय."

लता माझ्याकडं बघते, मी लताकडं. चोवीस वर्षांच्या दोन पोरी, बारामतीत, बिअर प्यायच्या! घरी कळलं तर तंगडंच मोडतील. मी म्हटलं, "किती प्यायची सर?"

"चमचाभर."

"मग देते घसा," मी म्हटलं. मला कंटाळ्यापेक्षा काहीही चालतं.

घरी सांगितलं, रविवारी माल्ट चाखायला जायचं आहे, बाळाच्या दुधात घालतात तोच. परत आल्यावर आईनं तोंडाजवळ नाक आणून विचारलं, "कसला गं आंबूस वास?" म्हटलं, यीस्टचा. खोटं नव्हतं तसं.

रविवारी अकराला आमची चाखणी चालायची. अकराच का, तर न्याहारी विसरलेली असते आणि जेवणाची आठवण झालेली नसते, तेव्हा जीभ खरं बोलते, असं सरांचं म्हणणं. परदेशी कंपनीचा एक तक्ता मालकांनी आणून दिला होता, बिअरच्या चवींची इंग्रजी नावं छापलेला. सरांनी तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला आमच्याकडून नवा लिहून घेतला. उकडलेलं कणीस. कढवलेलं लोणी. हिरवा पेरू. करपलेली काकवी. ओलं घोंगडं. दवाखाना. लतानं एकदा डोळे मिटून सांगितलं, "सर, शाळेची वही पावसात भिजून वाळल्यावर येतो तो वास." सर इतके खूश झाले की स्वतः उठून तिच्यासाठी चहा सांगून आले. "असं पायजे! ज्याचा वास कधी घेतला न्हाय त्याचं नाव कशाला घ्यायचं?"

मला हेवा वाटला. लताचा घसा चांगला होता. माझाही चांगला होता, पण मला दम नव्हता. गिळलं की थांबायचं, मनात वीस आकडे मोजायचे, मगच बोलायचं, हा नियम. मी सातावर बोलून टाकायची. "सांगवी, गाडी चुकतीय का तुमची?" सर विचारायचे. गाडी कशाची चुकतेय, माझा पाय टेबलाखाली हलायला लागलेला असायचा.

आणि एके दिवशी मालकांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या रविवारी बिअर कंपनीची तीन माणसं येणार होती. त्यांच्यासमोर चाखणी. सर अहवालावर सही करणार, ती सही बघून ते माल्टची ऑर्डर ठरवणार.

"ऑर्डर आली तर तुम्ही दोघी कायम," मालक म्हणाले. "केमिस्टसाहेब सरळ माणूस आहे, पण त्यांना गिळायचं नाही. म्हणजे शेवटचा शब्द तुमचा. काय बोलायचं ते मी सांगायला नको."

कायम! ब्रेक नाही, आठ दिवस जुड्या बांधणं नाही, बोलावणं येतंय का म्हणून फाटकाकडं बघणं नाही. त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. लताला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "चांगली असली तर चांगलीच म्हणू की." तिच्या वडिलांचं कारखान्यातलं काम सुटल्यात जमा होतं, घरात मिळवती तीच. माझ्यापेक्षा तिला गरज जास्त होती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

रविवार आला. तिघं पाहुणे, मालक, सर, आम्ही दोघी. पांढरं कापड टाकलेलं टेबल, काचेचे पेले. पिवळी झाली, उत्तम. तांबूस झाली, पाहुण्यांतला एक पिकल्या मिशांचा गृहस्थ मान डोलवायला लागला. मग काळी. सरांनी वास घेतला, चमचाभर तोंडात घोळवली, पिकदाणीत थुंकली. "भाजलेल्या जवारीचा वास. गोडी बेताची. तोंडात चांगली हाय. आता घसा. सांगवी?"

मी गिळली. पहिले दोन क्षण झकास. आणि मग मागून आला तो तुरटपणा. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळून टाळ्याला चिकटते ना, अगदी तसा. जाईचना. मालक माझ्याकडं बघत होते. मी वीस आकडे मोजले, त्या दिवशी बरोबर वीस मोजले, आणि म्हणाले, "स्वच्छ जाते सर. मागं काही राहत नाही."

"भवानीनगर?"

लतानं गिळली. थांबली. माझ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "सर, मागं तुरट राहतंय. जीभ खरखरीत होतीय."

मालक हसले. "एकीला एक लागतं, दुसरीला दुसरं. चालायचंच. साहेब, सही करा."

सरांनी पेन काढलं नाही. "परत एकदा घ्या दोघी." आम्ही घेतली. मी म्हटलं स्वच्छ, लता म्हणाली तुरट. माझ्या आवाजात एवढासा कंप नव्हता, ह्याचीच मला आज लाज वाटते.

सर बराच वेळ पेल्याकडं बघत राहिले. पाहुण्यांनी घड्याळं बघितली. मग सर उभे राहिले आणि कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणाले, "सही म्हंजे बोलणंच. न कळता सही केली तर खोटं बोलल्यागत हाय. खोटं बोलणार न्हाय हे चौथं शील. दारू घेणार न्हाय हे पाचवं. आकडा बघा. चौथं आधी येतं."

आणि पेला उचलून त्यांनी एक घोट गिळला.

लतानं तोंडावर हात धरला. उभ्या जन्मात जे केलं नव्हतं ते त्या माणसानं माझ्या एका वाक्यापायी केलं. डोळे मिटून उभे होते, ओठ हलत होते, वीस आकडे मोजत होते. मग म्हणाले, "भवानीनगर बरोबर हाय. तुरट हाय. दळताना टरफलाचा भुगा झालाय आन् वर पानी लई कढत पडलंय. चूक आमच्या घरची हाय. ह्याच्यावर माझी सही होणार न्हाय."

पिकल्या मिशांच्या पाहुण्यानं उठून त्यांचा हात हातात घेतला. बाकीचे दोघं बॅगा आवरत होते. कळवतो म्हणून गेले. कळवलं नाही.

सर सोमवारी रजेवर गेले, कळसला. मंगळवारी आले ते नेहमीसारखेच. लतानं भीत भीत विचारलं तर म्हणाले, "बुद्धाच्या इहारात जाऊन पाचवं पुन्यांदा घेतलं. चोरून न्हाय, समद्यांच्या म्होरं सांगून घेतलं. आमची एक म्हातारी आत्या हाय, ती म्हणाली, गिलासभर का घोटभर? म्हणलं घोटभर. तर म्हणती, मंग घोटभर मोठ्यानं म्हण." आणि स्वतःच हसले. लता हसली. मी हसू शकले नाही.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. मी मनाची तयारी करून गेले होते. रागावू देत, काढून टाकू देत, एकदाचं होऊन जाऊ दे.

"सांगवी, खरं सांगा. तुमाला तुरट लागलं न्हाय?"

दार समोर उघडं होतं. एक शब्द बोलायचा होता. मी म्हटलं, "नाही सर. खरंच नाही लागलं."

त्यांनी कपाळावर हात मारला. "मंग चूक माझी हाय. मी तुमाला तुरट शिकवलंच न्हाय. कडू शिकवलं, आंबट शिकवलं, तुरटाला घेतलंच न्हाय. उद्यापास्नं अर्धा तास लवकर या."

महिनाभरात लताला ब्रेक मिळाला आणि परत बोलावणं आलं नाही. मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मालकांनी हातात देताना म्हटलं, "माणसं ओळखतो मी." लताच्या घरी गेले तर ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "तुला लागलं होतं. तुझ्या तोंडावर दिसलं मला." मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सरांना सांगितलं नाही मी. तू सांग." आणि आत गेली. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

आणि मी सांगितलं नाही. रोज सकाळी साडेआठला सर माझ्यासाठी पेले मांडून बसायचे. जांभळाच्या बीचं पाणी. हिरड्याचं पाणी. इंदापूरच्या डाळिंबाची साल आणून वाळवून तिचा काढा. कच्च्या केळ्याची चकती. आधी दाट, मग रोज थोडं पातळ करत न्यायचं, म्हणजे घशाला बारीक तुरट पकडायची सवय लागेल. "घाई न्हाय सांगवी. आज न्हाय कळलं तर उद्या कळंल." मला पहिल्या पेल्यापासून सगळं कळत होतं. ढीगभर पाण्यात एक थेंब टाकला तरी कळत होतं. पण कळतंय म्हणावं तर इतक्या लवकर कसं कळलं? म्हणून मी रोज थोडं थोडं कळल्याचं नाटक करायची. कधी मुद्दाम चुकायची. चुकले की ते वहीत लिहायचे, दुसऱ्या दिवशी तोच पेला परत. बरोबर आलं की असे खुलायचे, पोराला पहिलं पाऊल टाकताना बघितल्यासारखे. माझा पाय टेबलाखाली हलत राहायचा. वाटायचं, उठावं, पेले फोडावेत, ओरडून सांगावं. सांगितलं नाही. सहा महिने.

सहा महिन्यांनी सर निवृत्तीच्या वयाला आले आणि त्यांना मुदतवाढ मिळाली नाही. एरवी मिळाली असती, सगळ्यांना मिळायची. शेवटच्या दिवशी नारळ, शाल, फोटो. मी त्यांची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेले. इंदापूरची गाडी लागली होती. ते चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. मी खाली उभी. त्यांनी खिडकीतून वाकून सांगितलं, "तुरटाचा सराव सोडू नका. आता पकड आलीय तुमाला. चांगली पकड आलीय."

मला सहन झालं नाही. भर स्टँडवर, लोकांत, मी म्हटलं, "सर, मला त्या दिवशी तुरट लागलं होतं. पहिल्याच घोटाला. मी खोटं बोलले. दोनदा बोलले."

मला वाटलं, थुंकतील. थुंकले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. कपाळाला आठी पडली, एखादी चव पकडीत येत नसली की पडायची तशी.

"मंग सा महिनं," ते म्हणाले, "मी शिकवत कुणाला हुतो?"

रागानं नाही विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. उत्तरासाठी ते तसेच वाकून थांबले, मी तोंड उघडलं, आणि गाडी सुटली.